पिशवी काढली, पण छत कशाला बांधलं?

सोमवार, रात्री

"पिशवी काढून टाका, म्हणजे कटकट मिटेल." अंग बाहेर येण्याच्या, म्हणजे गर्भाशय योनीवाटे खाली सरकण्याच्या, तक्रारीत हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं की त्याचं उत्तर एकदा वहीत नीट लिहून ठेवावं म्हटलं. गर्भाशय खाली येतं ते स्वतःच्या दोषाने नाही. ते ज्या बंधांवर टांगलेलं असतं ते सैल पडतात. मग मूत्राशय, गुदाशय, कधी आतड्याचा भागही त्याच वाटेने खाली सरकतो. नुसतं गर्भाशय काढलं आणि योनीचं छत, म्हणजे तिचं आतलं वरचं टोक, कशालाच बांधलं नाही, तर पुढे कधीतरी तेच छत पायमोजा उलटा व्हावा तसं बाहेर येऊ शकतं. तेव्हा काढायला पिशवीही उरलेली नसते.

म्हणून काढायची की ठेवायची हा दुसरा प्रश्न. छत कशाला बांधणार, हा पहिला.

आणि त्याही आधीचा: आता करायचंच का? अंग खाली आलं म्हणून जिवाला घाई नसते. पहिल्या-दुसऱ्या पायरीवर (अंग किती खाली आलं त्याच्या चार पायऱ्या धरतात) शिकलेल्या हाताखाली निदान १६ आठवडे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम करून बघावेत. पुढच्या पायरीलाही अंग वर धरणारी सिलिकॉनची रिंग योनीत बसते का ते पाहावं. नीट बसली तर ती वर्षानुवर्षे चालते, मात्र ठरल्या वेळी काढून धुवावी लागते आणि आत घासून जखम झालेली नाही ना ते बघावं लागतं. घाई दोन-तीन वेळाच: लघवी अडून राहते, सोनोग्राफीत मूत्रपिंडं फुगलेली दिसतात, किंवा बाहेर राहून राहून अंगावर जखम झाली आहे.

मंगळवार

आज फक्त तपासणीबद्दल, कारण चुकीचं ऑपरेशन ठरतं ते बहुधा इथेच.

मोजमाप योनीच्या तोंडाशी असलेल्या पडद्याच्या रेषेपासून करतात. ती रेषा म्हणजे शून्य. वर असेल तर उणे, बाहेर आलं तर अधिक, सगळं सेंटिमीटरमध्ये. १९९६ पासून ही पद्धत रूढ आहे. सर्वांत खाली आलेला भाग उणे एक ते अधिक एक यांच्या मध्ये असेल तर दुसरी पायरी, त्याहून बाहेर तिसरी, पूर्ण उलटं झालं की चौथी. साधारण शून्याच्या आसपास आलं की बाईला "गोळा लागतो" असं जाणवायला लागतं. त्याच्या बऱ्याच वर असलेल्या गोष्टीवर कंबरदुखीचं खापर फोडून ऑपरेशन केलं, तर अंग वर बसतं आणि कंबर दुखतच राहते.

मोजायचं ते जोर करायला लावून. नुसतं आडवं झोपवून पाहिलं तर दुपारी पायऱ्या चढताना बाहेर येणारं अंग सकाळच्या तपासणीत आत लपून बसतं. झोपून दिसत नसेल तर उभं करून बघायचं.

मग खरी परीक्षा. स्पेक्युलमच्या (योनी उघडून बघायच्या साधनाच्या) अर्ध्या पात्याने मागची भिंत दाबून धरायची आणि खोकायला सांगायचं. पुढून मूत्राशयाचा फुगा येतो. आता चिमट्यात धरलेल्या बोळ्याने छत त्याच्या मूळ उंचीवर उचलून धरायचं आणि पुन्हा खोकायला सांगायचं. फुगा बराचसा नाहीसा झाला, तर दोष पुढच्या भिंतीत कमी आणि छतात जास्त. अशा वेळी नुसती पुढची भिंत शिवणं म्हणजे खुंटी निखळलेला पडदा खालून टाचत बसण्यासारखं. एक मिनिटाचं काम आहे आणि ते गाळलं जातं, याचा राग येतो.

बुधवार

योनीतूनच करायचं, पोट उघडायचं नाही, आधाराची कृत्रिम जाळी नको, असं ठरलं तर छत बांधायला मुख्यतः दोन जागा आहेत.

एक, बैठकीच्या हाडाच्या आतल्या टोकापासून माकडहाडाकडे जाणारा जाड बंध. बोटाने ते टोक चाचपतात आणि टाका टोकाच्या दीड-दोन सेंटिमीटर आतल्या बाजूला घेतात. टोकाला चिकटून घेतला तर मागून जाणारी नस आणि रक्तवाहिनी सापडते. टाका बहुधा उजवीकडे, कारण डावीकडे आतडं आडवं येतं. या टाक्यानंतर त्या बाजूच्या कुल्ल्यात दुखतं. बहुतेकींचं काही आठवड्यांत जातं. पण शुद्धीवर येताच पायाच्या मागून खाली गुडघ्याच्या पलीकडे कळ जात असेल, तर वेदनाशामक देत थांबायचं नाही. तो टाका लवकर सोडवायचा. दुसरी उणीव: छत मागे ओढलं जात असल्याने पोटाचा सगळा दाब पुढच्या भिंतीवर येतो आणि मूत्राशय पुन्हा खाली येण्याची शक्यता वाढते.

दोन, गर्भाशयाला मागून माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाशी जोडणारे त्याचे स्वतःचेच बंध, वरच्या मजबूत भागात धरलेले. इथे छत मधोमध राहतं, पण मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणारी मूत्रवाहिनी अगदी शेजारून जाते. टाका घट्ट ओढला की ती मुडपते. म्हणून टेबलावरून उतरवण्याआधी मूत्राशयात दुर्बीण घालून दोन्ही मूत्रवाहिन्यांच्या तोंडांतून लघवीची पिचकारी येते का ते बघायचं. एका बाजूने येत नसेल तर त्या बाजूचा टाका तिथेच काढून पुन्हा घ्यायचा. ही तपासणी करता का, असं विचारायला अजिबात लाजू नये.

यांतला चांगला कोणता? अमेरिकेत दोन्हींची समोरासमोर तुलना झाली. पाच वर्षांनी अपयश पहिल्यात ७०.३ टक्के, दुसऱ्यात ६१.५ टक्के. आकडे वाचून पोटात गोळा येतो, पण अपयशाची व्याख्या तिथे फार कडक होती: मोजपट्टीवर थोडं खाली आलं तरी अपयश, गोळा जाणवून त्रास झाला तरी अपयश. प्रत्यक्षात ज्यांना पुन्हा उपचार घ्यावे लागले त्या साधारण दहात एक. मोजपट्टीवरचं आणि अंगावरचं यश वेगळं असतं. डॉक्टर टक्के सांगतात तेव्हा कोणतं यश, ते विचारून घ्यावं.

शुक्रवार

जाळी. या शब्दाने दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते.

योनीतून भिंतीखाली बसवायच्या जाळ्या अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये अंग बाहेर येण्याच्या उपचारासाठी विकायच्या बंद करायला लावल्या. जाळी भिंतीतून बाहेर डोकावणं, संबंधाच्या वेळी दुखणं, काढायला पुन्हा पुन्हा ऑपरेशन, अशी ती यादी होती. पोटातून किंवा दुर्बिणीने, छतापासून माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाच्या वरच्या कडेपर्यंत लावतात ती पट्टी या बंदीत नव्हती. इंग्रजी वाय अक्षरासारखी पॉलिप्रॉपिलीनची पट्टी: दोन पाय योनीच्या पुढच्या-मागच्या भिंतीला आणि शेपूट हाडावरच्या बंधाला.

टिकाऊपणात ही योनीतून घेतलेल्या टाक्यांपेक्षा सरस आहे, आणि संबंधाच्या वेळी दुखण्याचं प्रमाणही कमी. किंमत वेगळी मोजावी लागते. पूर्ण भूल, डोकं खाली ठेवून बराच वेळ, हाडासमोरच्या शिरांतून झाला तर आटोक्यात आणायला अवघड रक्तस्राव, आणि पुढे कधी आतडं अडकणं. जाळी बाहेर डोकावण्याचा धोका वर्षांगणिक साचत जातो: जुन्या प्रकारच्या जाळ्याही धरून केलेल्या एका दीर्घ पाहणीत सात वर्षांपर्यंत तो १०.५ टक्के निघाला. तंबाखू ओढणाऱ्यांत जास्त, आणि त्याच वेळी गर्भाशय पूर्ण काढून योनीला वरून टाके घातले तरी जास्त. म्हणून बरेच सर्जन गर्भाशयाचं तोंड ठेवून त्यालाच पट्टी लावतात.

पन्नाशीची, धडधाकट, एकदा ऑपरेशन होऊन अंग पुन्हा आलेली बाई असेल तर माझा कल इकडे. पंचाहत्तरीची, धाप लागणारी असेल तर नाही.

शनिवार

पिशवी ठेवून छत बांधता येतं, हे अनेकींना कुणी सांगतच नाही. आपल्याकडे शिरोडकर आणि पुरंदरे यांनी तरुण बायकांसाठी पट्ट्यांची ऑपरेशनं बसवली ती याच विचाराने. मात्र मुलं व्हायची असतील तर शक्यतो थांबावं, तोवर रिंग. पाळी गेल्यावर रक्त गेलं असेल तर अस्तराची तपासणी झाल्याशिवाय पिशवी ठेवण्याची भाषा नको.

गर्भाशयाचं तोंडच लांबट होऊन खाली लोंबत असेल तर मँचेस्टर पद्धत: तो लांबलेला भाग कापून बाजूचे बंध पुढे आणून शिवतात. जुनी म्हणून नाकं मुरडली जातात. पण नेदरलँड्समध्ये, गर्भाशय अजून बाहेर न आलेल्या बायकांत, पिशवी ठेवून बुधवारी सांगितलेल्या पहिल्या बंधाला टाका घेण्याशी तिची तुलना झाली. दोन वर्षांनी यश मँचेस्टरला सुमारे ८७ टक्के, दुसरीला ७७.

योनी बंद करणारं ऑपरेशनही आहे. पुढची-मागची भिंत सोलून एकमेकींना शिवतात, दोन्ही बाजूंना स्राव जायला बोगदे ठेवतात. कमरेतून भूल पुरते, वेळ थोडा आणि यश नव्वद टक्क्यांच्या वर. बदल्यात योनीतून संबंध कायमचा बंद, आणि पिशवी आत ठेवली असेल तर तिची तपासणी पुढे खालून करता येत नाही. हा निर्णय बाईला एकटीला बसवून विचारायचा. "आता या वयात कशाला हवंय" हे बरोबर आलेल्याने सांगायचं नसतं.

रविवार

लघवीचं राहिलं. खाली आलेलं मूत्राशय कधीकधी लघवीची नळी मुडपून ठेवतं, त्यामुळे गळती झाकली जाते. अंग वर बसवलं की खोकल्यासरशी लघवी सुटते आणि बाई म्हणते, ऑपरेशनने नवीन दुखणं दिलं. आधी गळती नसलेल्या बायकांच्या एका चाचणीत तीन महिन्यांनी गळती, लघवीच्या नळीखाली आधाराची वेगळी पट्टी न लावलेल्यांत ४९.४ टक्के, लावलेल्यांत २३.६. पण पट्टीने लघवी अडूही शकते. म्हणून आधी भरल्या मूत्राशयावर अंग आत धरून खोकायला लावायचं. गळालं तर दोन्ही वाटा मांडायच्या: आत्ताच पट्टी, किंवा नंतर गरज पडली तर.

ऑपरेशनच्या वेळी लघवीसाठी घातलेली रबरी नळी काढताना मूत्राशयात ३०० मिली पाणी सोडून २०० तरी बाहेर आलं तर ठीक. नाही आलं तर काही दिवस नळी घेऊन घरी, त्यात घाबरण्यासारखं नाही. विरघळणाऱ्या टाक्यांचे तुकडे आणि पिवळसर स्राव काही आठवडे येतो. ताप, दुर्गंधी किंवा ताजं रक्त आलं तर लगेच दाखवायचं. टाक्यांवर सगळ्यात जास्त ताण येतो तो कुंथण्याने, म्हणून शौच मऊ ठेवण्याचं औषध पहिल्या दिवसापासून.

ज्यांची पिशवी आधीच काढलेली आहे त्यांनी जुन्या ऑपरेशनचा कागद शोधून आणावा. नुसतं डिस्चार्ज कार्ड नको, ऑपरेशनची नोंद. त्यात जाळी हा शब्द आहे का आणि छत कशाला बांधलं ते लिहिलंय का, एवढं आधी बघायचं. दुसऱ्या प्रश्नापुढे बहुतेकदा काहीच लिहिलेलं नसतं.