शेफिल्डमधे राहायचं तर गप्पा मारता आल्या पाहिजेत

इंग्लंडला चाललोय म्हटलं की आपल्याकडे लोक लंडनच धरून चालतात, फार तर मँचेस्टर, आणि शेफिल्ड म्हटलं की साठीच्या पुढच्या काकांना चाकू आणि वस्तरे आठवतात, बाकी कुणाला काही म्हणजे काही आठवत नाही. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरून ट्रेनने साधारण दोन तास, साउथ यॉर्कशायरमधे, साडेपाच लाखांच्या आसपास वस्ती, सात टेकड्या आणि पाच नद्या (नद्या म्हणजे आपल्याला ओढे वाटतील अशा, पण सगळं शहर त्यांच्याच जोरावर उभं राहिलंय). मी चिंचवडचा, मशीन शॉपमधला माणूस, नोकरीनिमित्त इथे आलो आणि आता इथलाच झालोय, म्हणून ही पोस्ट.

सगळ्यात आधी लोकांबद्दल. इथे बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायचं असतं, सगळे म्हणतात, कॉलेजची टवाळ पोरंसुद्धा. दुकानातल्या बाई 'लव्ह' म्हणतात हे एक वेळ समजू शकतो पण इथे दाढीवाला सहा फुटी प्लंबरसुद्धा मला 'लव्ह' म्हणतो, पहिल्यांदा मी मागे वळून बघितलं होतं कोण आहे म्हणून. बस स्टॉपवर शेजारी उभी असलेली आजी बस येईपर्यंत तुम्हाला तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन, जावयाची नोकरी आणि पावसाची सगळी हकीकत सांगून मोकळी होते. आणि कधी ना कधी प्रश्न येतोच, वेन्सडे की युनायटेड? फुटबॉलचे दोन क्लब, एक १८६७ चा आणि एक १८८९ चा, आणि घराघरांत यावरून दोन तट. मी क्रिकेट म्हणून सुटका करून घेतो.

आता हे असं का, याची माझी एक थिअरी आहे. लोक म्हणतात यॉर्कशायरचा स्वभावच तसा, मला नाही पटत, मला वाटतं हे कामातून आलंय. इथे कटलरीचा धंदा मोठ्या कारखान्यांपेक्षा 'लिटल मेस्टर' लोकांच्या जिवावर चालायचा. म्हणजे एक माणूस, एक खोली, भाड्याची जागा, एकच काम. एक जण पातं ठोकणार, ते गल्लीतून दुसऱ्याकडे धारेला जाणार, तिथून तिसऱ्याकडे मूठ बसवायला, आणि त्यावर नाव छापणार चौथाच. भोसरी एमआयडीसीत ज्यांनी दिवस काढलेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको, टर्निंग एका शेडमधे, ग्राइंडिंग दुसऱ्या, हीट ट्रीटमेंट तिसऱ्या, आणि मधे छोटा हत्ती फिरतोय. अशा धंद्यात अबोला धरून चालतच नाही, शेजाऱ्याशी वाकडं घेतलं तर तुझा जॉब शेवटी. कटलरी करणाऱ्यांची संघटना तर १६२४ पासून आहे. म्हणजे चारशे वर्षं शेजाऱ्याच्या दारात जाऊन "झालं का रे?" विचारायची सवय, ती कारखाने गेले म्हणून कशी जाईल. शेफिल्डला इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं खेडं म्हणतात ते उगीच नाही.

पाहुणे आले की मी त्यांना आधी ॲबीडेल इंडस्ट्रियल हॅम्लेटला नेतो, शीफ नदीच्या काठी, जिथे गवत कापायची मोठी पाती बनायची. तिथे मुशीत पोलाद वितळवायची जुनी भट्टी जशीच्या तशी आहे. ही पद्धत १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन नावाच्या माणसाने काढली, हा मूळचा घड्याळजी, त्याला स्प्रिंगसाठी चांगलं पोलाद मिळेना म्हणून स्वतःच करायला बसला. आणि गंमत म्हणजे असं सांगतात की इथल्या चाकूवाल्यांनी त्याचं पोलाद फार कडक आहे म्हणून घेतलंच नाही, फ्रान्सवाल्यांनी घेतलं, मग इथले जागे झाले!! मुशी मातीच्या, आणि ती माती मळायची अनवाणी पायांनी, तासन् तास, कारण मातीत खडा राहिला तर तो पायाला कळतो, आणि खडा राहिलेली मूस भट्टीत फुटली तर सगळा माल खाली. नंतर दीड हजार डिग्रीच्या वर तापलेली मूस वर ओढायला एक माणूस भट्टीच्या तोंडावर पाय फाकवून उभा राहायचा, पायांना ओलं गोणपाट गुंडाळून. बास, एवढीच सेफ्टी. आमच्या कंपनीत साधा चष्मा घातला नाही तर लेखी वॉर्निंग येते.

धारवाल्यांचं तर त्याहून वाईट. पोर्टर ब्रुक नावाच्या ओढ्यावर शेफर्ड व्हील म्हणून जागा आहे, पाणचक्कीवर चालणारी धार लावायची शेड, आजही चाक फिरवून दाखवतात. कामगार लाकडी बैठकीवर घोड्यावर बसल्यासारखा बसायचा आणि पुढे दगडाचं चाक गरगर फिरतंय, दगडाची धूळ सगळी छातीत. कोरड्या दगडावर काम करणारे तर तरुणपणीच जायचे, नुसत्या खोकल्याने. एवढी सुंदर जागा, आजूबाजूला झाडी, पाण्याचा आवाज, आणि लोक आत मरत होते. एंडक्लिफ पार्कपासून चालायला लागलं की शेफर्ड व्हील, मग फोर्ज डॅम, तिथल्या कॅफेत चहा आणि अजून दम असेल तर वर रिंगिंग्लोपर्यंत, रविवारची सकाळ याहून चांगली जात नाही. शहराचा एक तृतीयांश भाग पीक डिस्ट्रिक्ट नॅशनल पार्कमधे येतो, त्यामुळे ट्रेकवाल्या मंडळींनी सह्याद्रीची आठवण काढत रडायची गरज नाही (कातळ आहे, पाऊस आहे, फक्त पिठलं भाकरी घरून न्या).

मागच्या उन्हाळ्यात आई आली होती. हॉवर्ड स्ट्रीटला एका इमारतीच्या अख्ख्या भिंतीवर हॅरी ब्रिअर्लीचं चित्र आहे, तिला सांगितलं की आई, तुझ्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांचा मूळपुरुष हा. १९१३ साली हा बाबा बंदुकीच्या नळ्या लवकर झिजतात म्हणून त्यावर उपाय शोधत होता, क्रोमियम घातलेलं पोलाद केलं, बघतो तर ते गंजेचना. त्याच्या साहेबांना फारसं कौतुक नव्हतं, मग त्याने इथल्याच एका चाकूवाल्याला गाठलं. पोलाद भट्टीवाल्याचा पोरगा, शाळा लवकर सुटलेली, सगळं लॅबमधे बाटल्या धुता धुता शिकलेला. आईने शांतपणे ऐकलं, मग पुढच्या कॅफेत चमचा उलटा करून बघितला कुठला आहे ते, आणि "चायनाचा दिसतोय" म्हणून ठेवून दिला. बस स्टॉपवर मात्र ती माझ्याहून जास्त रमायची, तिला इंग्रजी येत नाही आणि समोरच्या आजीला मराठी, तरी दोघींचं काहीतरी चालू.

केलम आयलंड म्युझियममधे रिव्हर डॉन इंजिन आहे ते चुकवू नका. १९०५ चं वाफेचं इंजिन, १२,००० हॉर्सपॉवर, युद्धनौकांच्या चिलखती प्लेट लाटायला वापरायचे आणि १९७८ पर्यंत ते कामावर होतं. ते अजून वाफेवर चालवून दाखवतात. एवढं धूड क्षणात उलट्या दिशेने फिरायला लागतं आणि पायाखालची जमीन हादरते, मी तोंड उघडं टाकून बघत होतो. दारातच बेसेमरचा कन्व्हर्टर (लोखंडाचं पोलाद करायचं भलंमोठं भांडं) उभा आहे, अंड्यासारखा.

बाकी ऐंशीच्या दशकात जे व्हायचं ते झालं, पोलादाचे कारखाने बंद पडले, हजारो लोक घरी बसले. हॅडफिल्डचा कारखाना होता तिथे १९९० मधे मेडोहॉल मॉल उघडला, पार्किंगमधे गाडी लावताना हे आठवलं की जरा विचित्र वाटतं. पण पोलाद संपलंय असं नाही बरं का, फोर्जमास्टर्स अजून प्रचंड फोर्जिंग करतात, २०२१ मधे ती कंपनी थेट सरकारच्या संरक्षण खात्यानेच घेतली. शेजारच्या स्टॉक्सब्रिजचा कारखाना तर मधली दहा वर्षं टाटांकडे होता.

सगळं गोडगोड लिहिलंय असं वाटेल म्हणून हेही सांगतो. इथे ८३ नंबरची बस आहे, २०१३ च्या एका अहवालात तिचा दाखला दिला होता, मिलहाउसेसला बसलं की तिथल्या बायकांचं सरासरी आयुष्य तेव्हा ८६ वर्षं, आणि तीच बस चाळीसेक मिनिटांनी बर्नग्रीव्हला पोचायची तिथे ७७. पश्चिमेला हिरवळ आणि मोठी घरं, पूर्वेला जिथे भट्ट्या होत्या तिथे अजून हाल. भट्ट्यांवर काम करायला आलेले येमेनी, पाकिस्तानी लोक त्याच बाजूला स्थायिक झाले. लोक तिकडेही तितकेच बोलके, पण बोलकेपणाने पोट भरत नाही. आणि दुसरं, स्टॉपवर गप्पा मारणारा माणूस घरी जेवायला बोलावेल असं समजू नका, त्याला वर्षं लागतात. आमच्या शेजाऱ्यांनी पहिल्यांदा घरात घेतलं ते बर्फ पडून बसेस बंद झाल्या तेव्हा, त्यानंतर मात्र किल्लीसुद्धा आमच्याकडे ठेवतात.

खाण्याचं थोडक्यात, हेंडरसन्स रेलिश नावाचा काळा पातळ सॉस इथे प्रत्येक घरात असतो, यात मासे नाहीत, चिंच आहे, शाकाहाऱ्यांनी बिनधास्त घ्या. लोक 'पाय'वर (pie, म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ) ओततात, मी मुगाच्या खिचडीवर. शिव्या नंतर घाला, आधी खाऊन बघा.

घर शोधत असाल तर वॉकली, क्रुक्स, मीर्सब्रुक बघा, भाडं लंडनच्या मानाने काहीच नाही. फक्त नकाशा सपाट असतो आणि शेफिल्ड नसतं, २०१४ मधे टूर द फ्रान्स इथे आली तेव्हा जेंकिन रोडच्या चढावर जगातले सायकलवाले दात ओठ खात होते. त्यामुळे घर बघायला एजंटच्या गाडीतून अजिबात जाऊ नका. खालच्या सुपरमार्केटमधून पाच किलो तांदळाची पिशवी घ्या, चालत वर जा, दारात पोचल्यावर बोलता येत असेल तरच डिपॉझिट भरा.