पार्किंगच्या भिंतीपर्यंत वीज आणताना

बाबांची प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातली. तिच्या बॉनेटखाली डोकं घालूनच मी गाड्या शिकले. त्यामुळे २०२४ च्या दिवाळीनंतर मी विजेची गाडी घेतेय म्हटल्यावर रविवारच्या आमच्या चहाच्या कट्ट्यावर एकच गलका झाला. साडेसोळा लाखांत चांगली डिझेल एसयूव्ही येते, बोरघाटात बॅटरी दम टाकेल, पाच वर्षांनी विकायला गेलीस तर कोण घेईल? सगळे माझ्यासारखेच गाडीवेडे, बोलणं कळकळीचं. विकण्याची भीती तर मला रास्तच वाटते. म्हणूनच बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी आहे हे कागदावर पाहूनच मी पुढे गेले.

किमतीचा गुंता मात्र मामाने सोडवला. मामाचा सीएनजीवरचा छोटा हत्ती टेम्पो आहे. पहाटे वाशीच्या एपीएमसी मार्केटमधून भाजी भरायची, सांताक्रूझला उतरवायची आणि कुर्ल्याला घरी परतायचं. तो म्हणाला, "अगं, शोरूमची किंमत एकदाच द्यायची असते. किलोमीटरला काय पडतं ते बघ."

मग वही घेऊन बसले. माझी गाडी साडेसोळा लाखांची, त्याच मापाची पेट्रोल गाडी साडेतेरा लाखांची. तिच्यावर महाराष्ट्राचा १२ टक्के कर म्हणजे १ लाख ६२ हजार. विजेच्या गाडीला हा कर माफ, शिवाय जीएसटी ५ टक्केच, तोही किमतीत धरलेला. विमा जरा जास्त, पण सगळं धरून फरक दीड लाखाच्या आसपास उरला. आमच्या रहदारीत पेट्रोल किलोमीटरला नऊ रुपयांच्या घरात जातं, घरची वीज दीड रुपयाच्या आत. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याचा फरक वीसेक महिन्यांत फिटतो. फक्त वीज घरची हवी. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटचा दर दुपटीच्या पुढे जातो आणि वहीतलं सगळं गणित बदलतं.

घरची वीज म्हणजे सोसायटीची परवानगी. आमची इमारत सांताक्रूझ पूर्वेला, चाळीस वर्षांची, खाली स्टिल्ट पार्किंग. जानेवारीत मी कमिटीला अर्ज दिला. सेक्रेटरी काका तोंडी म्हणाले, "बघू गं, मीटिंगमध्ये घेऊ." मीटिंगमध्ये आग, बिल आणि लोड यांवर चर्चा झाली. या तिन्हींची उत्तरं माझ्याकडे तयार होती. खरा प्रश्न तळमजल्यावरच्या काकूंनी विचारला. "२६ जुलैसारखं पाणी आलं तर? करंट उतरेल ना सगळ्यांच्या अंगावर?"

२००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. काकूंच्या घरात पाणी छातीपर्यंत होतं. त्यांची भीती उडवून लावण्यासारखी नव्हतीच. दुसऱ्या दिवशी मी त्यांना खाली घेऊन गेले. पाणी कुठपर्यंत आलं होतं ते त्यांनी खांबावर हात ठेवून दाखवलं. त्या हाताच्या दोन फूट वर मी खडूने रेघ मारली. चार्जर त्या रेघेवर, स्वतंत्र ब्रेकर त्याहून वर आणि जोराचा पाऊस सुरू झाला की मेन स्विच बंद करायचा, असं लिहून दिलं. काकूंनीच पुढच्या मीटिंगला "देऊन टाका परवानगी" म्हटलं.

पण ना-हरकत पत्र देताना कळलं की माझी पार्किंगची जागा कागदावर माझी नाहीच. बाबा तिथे पद्मिनी लावायचे म्हणून ती आमची, एवढंच. जागावाटपाचं पत्र कुणाकडेच नव्हतं. सगळ्यांचे जागा क्रमांक ठरवून ठराव लिहायला तीन आठवडे गेले. जो कुणी हे करायला निघेल त्याने गाडी बुक करण्याआधी हे पत्र हातात घ्यावं, इतकं मी कळकळीने सांगते.

वीज कंपनीत स्वतंत्र मीटर मागितला, कारण विजेच्या वाहनांसाठी वेगळा दर असतो आणि घराला मंजूर असलेल्या लोडमध्ये ७.२ किलोवॉटचा चार्जर बसणार नव्हता. ना-हरकत पत्र, जागेचं पत्र, शेअर सर्टिफिकेटची प्रत आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा चाचणी अहवाल असं सगळं जोडलं. फाइल दोनदा परत आली, दोन्ही वेळा एकाच पानावरच्या शिक्क्यासाठी. मला फार राग आला होता. पहिल्याच वेळी सगळ्या त्रुटी एकत्र सांगता आल्या असत्या. तोवर गाडी आली, हिरवी नंबरप्लेट लागली आणि १९ दिवस मी बीकेसीतल्या बाहेरच्या चार्जरवर जाऊन चार्ज करत राहिले.

मीटर केबिनपासून माझ्या जागेपर्यंत ३८ मीटर अंतर. गाडीसोबत १५ मीटर केबल मिळते, पुढचा खर्च आपला. तांब्याची जाड केबल घेतली. सगळं जोडल्यावर चार्जरवर लाल दिवा. इलेक्ट्रिशियनने व्होल्ट मोजायचा मीटर लावला तर न्यूट्रल आणि अर्थिंग, म्हणजे गळणारी वीज जमिनीत उतरवणारी तार, यांच्यामध्ये १८ व्होल्ट. इमारतीचं जुनं अर्थिंग सडलेलं होतं. म्हणजे इतकी वर्षं गीझर, फ्रिज, वॉशिंग मशीन सगळ्यांचं त्याच भरवशावर चाललं होतं! नवा खड्डा खणून अर्थिंग केलं, आकडा २ वर आला आणि हिरवा दिवा लागला. केबल, खड्डा, मजुरी मिळून ४५ हजार गेले. अर्थिंगचा खर्च कमिटीने नंतर आपणहून वाटून घेतला.

घाटाचं म्हणाल तर खंडाळा चढताना चार्ज भराभर उतरतो, हे कट्ट्यावरच्यांचं खरं आहे. उतरताना त्यातला काही परत मिळतो. पुण्याला जाऊन यायला वाटेत एकदा थांबावं लागतं, मी तिथे चहा घेते.

माझं झालं, मामाचं अडलं. त्याच्या गाडीचा विजेवरचा भाऊ, म्हणजे विजेवरचा छोटा हत्ती, २०२२ मध्येच आला. कंपनी सांगते १५४ किलोमीटर, मामाची रोजची फेरी सत्तरची. किलोमीटरचा हिशोबही त्याला पाठ आहे. पण त्याचा टेम्पो रात्री रस्त्याकडेला उभा असतो, तिथे कुठली भिंत आणि कुठला मीटर? ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर विजेच्या कारना टोल माफ झाला, माल वाहणाऱ्यांना नाही. मला हे चुकीचं वाटतं. शहरात सकाळपासून रात्रीपर्यंत धूर सोडत फिरतात त्या याच गाड्या, सवलत आधी त्यांना हवी.

आता मामाने कुर्ल्यात एक गोदाम शोधलंय. मालक रात्री टेम्पो आत लावू द्यायला तयार आहे. त्याच्या ना-हरकत पत्राचा मसुदा मी काल लिहून दिला, आणि भाडेकरारात जागेचा क्रमांक घालायला सांगितलाय. रविवारी इलेक्ट्रिशियनला घेऊन अर्थिंग मोजायला जाणार आहोत.