एवढ्याशा घरात कसं भागतं?

ब्लाउज शिवायला टाकायला येणाऱ्या बायका दारातच उभ्या राहतात, कारण आत मशीन, मी आणि कापडाचे गठ्ठे सोडून आणखी कोणी मावत नाही. माप घेऊन होईपर्यंत त्यांची नजर घरभर फिरून परत आलेली असते. (फार लांब जावं लागत नाही तिला.) मग प्रश्न येतोच. "काकू, एवढ्याशा घरात तुमचं भागतं कसं?" जरा ओळखीची असेल तर पुढचंही विचारते, "फ्लॅट का नाही घेऊन टाकत?" तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या असतात, म्हणून नुसती मान हलवते. आता तुम्ही विचारलंत म्हणून टाचण्या काढून सांगते.

घर सिडकोतलं. कागदोपत्री या भागाला नवीन नाशिक म्हणतात, पण रिक्षावाल्याला तसं सांगून बघा एकदा. सिडकोने इथे सहा स्कीममध्ये ओळीने, एकाला एक चिकटलेली घरं बांधली. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत जाणाऱ्या माणसाला परवडतील अशी. त्यातलं एक माझ्या सासऱ्यांनी हप्त्यावर घेतलं. पुढची खोली १० बाय १२, स्वयंपाकघर १० बाय ९, मागे मोरी आणि संडास. भिंती धरून पावणेतीनशे स्क्वेअर फूट. १९९६ साली मी लग्न होऊन आले तेव्हा सासू-सासरे, दीर आणि आम्ही दोघं असे पाच जण होतो. पुढे दीर वेगळे झाले, सासरे गेले, आम्हाला दोन मुलं झाली आणि माणसं पुन्हा पाचच राहिली.

सोयी आधी सांगते, त्या पटकन सांगून होतात. केर-फरशी पंधरा मिनिटांत. दिवाळीची साफसफाई एका रविवारी, तीही दुपारच्या जेवणाआधी. घरपट्टी कमी, वीजबिल कमी, आणि हरवलेली वस्तू सापडतेच, कारण ती हरवून जाणार कुठे? सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे डोक्यावर कर्ज नाही. २००९ मध्ये ह्यांच्या कंपनीत आठ महिने काम बंद होतं. तेव्हा घराचा हप्ता चालू असता तर मुलाची शाळा बदलावी लागली असती. माझ्या मशीनवर घर चाललं ते घर लहान होतं म्हणूनच.

थंडीचंही बरं आहे. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा कॉलेज रोडच्या मोठ्या फ्लॅटमध्ये राहणारी माझी नणंद घरात स्वेटर घालून बसते. आमच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींना शेजाऱ्यांच्या खोल्या टेकलेल्या, वारा लागतो तो फक्त पुढून आणि मागून. दार लावून भाकरी टाकायला घेतली की घर ऊबदार. मात्र याच भिंती एप्रिलमध्ये सूड उगवतात. बाजूला खिडकी काढायची सोयच नाही, आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत ती उष्णता आत सोडत राहतो. दरवर्षी होळी झाली की गच्चीवर चुना फासतो, त्याने थोडा फरक पडतो. बाकी पुढचं-मागचं दार उघडं ठेवायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आपली झोप दाखवायची.

लहान घर स्वस्त पडतं असं सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. माझ्या माहेरी मार्च-एप्रिलमध्ये वर्षाचे गहू भरायचे, कांदा चाळीतून पोत्याने यायचा. इथे दोन पोती ठेवली तर झोपायचं कुठे? म्हणून मी दर महिन्याला किराणावाल्याच्या भावाने गहू घेते. निफाडचे मामा द्राक्षांच्या दिवसांत क्रेट घेऊन येतात, तेव्हा मला आनंदाआधी धडकी भरते. संध्याकाळपर्यंत गल्लीत वाटून मोकळी होते. मामांना वाटतं भाचीचा हात फार मोकळा. पुस्तकांचंही तसंच. कपाट ठेवायला भिंत नाही, म्हणून मी सावानाची सभासद आहे. १८४० पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय, लाखभर पुस्तकं सांभाळायचा त्रास त्यांना आणि वाचायचं सुख मला.

एकांताचं विचारायचं असतं तुम्हाला, पण बायका ते सरळ विचारत नाहीत. "तुम्ही दोघं... म्हणजे... मुलं मोठी झाल्यावर..." इथपर्यंत येऊन थांबतात. त्याचं निम्मं उत्तर देते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मला ह्यांच्याशी भांडायचं होतं. चांगलं मुद्दे काढून, आवाज चढवून. पण पुढच्या खोलीत सासरे पेपर वाचत होते, दीर जेवत होते आणि सासूबाई लसूण सोलत दोघांच्या मधोमध बसल्या होत्या. मी म्हटलं, "भाजी आणायला चला." स्कूटरवरून पाथर्डी फाट्यापर्यंत गेलो, पांडवलेणीच्या पायथ्याला गाडी लावली आणि अंधार पडेपर्यंत मनसोक्त भांडलो. रिकाम्या पिशवीने परत आलो तर सासूबाई म्हणाल्या, "मिळाली नाही वाटतं भाजी?" तेव्हापासून आमच्या घरात भाजी आणायला जाण्याला दोन अर्थ आहेत. मुलांनाही तो दुसरा अर्थ बऱ्याच लवकर कळला.

म्हणजे खरं सांगायचं तर आम्ही पावणेतीनशे फुटांत कधी राहिलोच नाही. भांडण पांडवलेणीला, पुस्तकं सावानात, मुलीचा अभ्यास कोपऱ्यावरच्या अभ्यासिकेत, माझी मशीन दुपारी ओट्यावर, पापड-कुरडया समोरच्यांच्या गच्चीवर. मी जुन्या नाशकातल्या एका वाड्यात वाढले. आमचं बिऱ्हाड दोन खणांचं, पण चौक सगळ्यांचा होता. तिथे मुंजी लागल्या, तिथेच गोधड्या वाळल्या, गर्मीत पुरुष तिथेच झोपले. दोन खण लहान आहेत हे मला लग्न ठरेपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. सिडकोत आले तेव्हा चौकाच्या जागी गल्ली मिळाली. दोन सायकली, एक आमची स्कूटर, बाकी सगळी मोकळी. ओट्यावर धान्य निवडायला बसलं की समोरच्या ओट्यावरून आवाज न चढवता बोलता यायचं.

आता तीच गल्ली येऊन बघा. जवळपास प्रत्येक घराने वर एक, कोणी दोन मजले चढवले. लोखंडी जिने गल्लीत उतरले. घरटी तीन गाड्या. ओट्यांना ग्रिल लागून ते घरात गेले. आमचासुद्धा. २०११ मध्ये आम्हीही ओटा आत घेतला. (नियमात बसतं का, ते विचारू नका.) चाळीस फूट जागा वाढली म्हणून मी गल्लीत पेढे वाटले. पुढच्याच उन्हाळ्यात मशीन बाहेर काढायला गेले तर बाहेर काही उरलंच नव्हतं. घर मोठं झालं आणि मला पहिल्यांदा ते लहान वाटायला लागलं.

सासूबाईंचं सांगायचं नव्हतं, पण त्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही.

२०१७ मध्ये त्या मोरीत पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. गल्लीत अॅम्ब्युलन्स शिरेना. ह्यांनी आणि समोरच्या मुलाने त्यांना खुर्चीत बसवून, दोन्हीकडच्या गाड्यांना चुकवत कोपऱ्यापर्यंत उचलून नेलं. ऑपरेशननंतर त्या जवळपास तीन वर्षं पुढच्या खोलीतल्या कॉटवर होत्या. त्यांच्या पायाशी माझं मशीन.

त्या तीन वर्षांत त्या एक तासही एकट्या नव्हत्या. गिऱ्हाइकांशी बोलायच्या, नमुना बघून म्हणायच्या, "मागचा गळा एवढा खोल? पाठीला सर्दी होईल हो." नातवंडांच्या मार्कांपासून दुधाच्या पिशव्यांपर्यंत सगळा हिशेब त्यांच्याकडे. मोठ्या घरात आजारी माणसाची खोली आत असते आणि तिथे आपण विचारपूस करायला जातो. आमच्याकडे जायचा प्रश्नच नव्हता. हे मी सगळ्यांना सांगते आणि ते खरंही आहे.

दुसरं कोणाला सांगत नाही. कॉटभोवती आम्ही दोरीवर पडदा लावला होता, भांडं द्यायच्या वेळी ओढायला. पण पडद्याने आवाज अडत नाही आणि वासही नाही. दारात गिऱ्हाईक उभं असलं की त्या मला सांगायच्याच नाहीत. तासन् तास दाबून ठेवायच्या. पाणी पिणं कमी केलं होतं, तेही माझ्या लक्षात आलं नाही. दोनदा लघवीचं इन्फेक्शन झालं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "आजी पाणी का पीत नाहीत?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हिचा धंदा आहे ना दारात." त्यानंतर मी माप घेणं दुपारी दोन ते चार एवढंच ठेवलं. काही गिऱ्हाइकं तुटली. चौथी भिंत आणि एक दार असतं तर तुटली नसती, आणि त्यांना तहान मारावी लागली नसती. लहान घराचं कौतुक करणाऱ्यांनी हे हिशेबात धरावं. धडधाकट माणसांना कुठेही राहता येतं.

लॉकडाऊनच्या महिनाभर आधी त्या गेल्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये ह्यांना कोरोना झाला, सौम्यच. घरी ठेवायचं तर वेगळी खोली हवी, वेगळा संडास हवा. आमच्याकडे दोन्ही नाही. शेजारच्या वहिनींशी तेव्हा आमचं वर्षभर बोलणं बंद होतं. त्यांनी वर मजला चढवला तेव्हापासून आमच्या सामाईक भिंतीला ओल आली होती आणि त्यावरून बरंच काही बोलून झालं होतं, दोन्हीकडून. त्यांच्या वरच्या खोलीतला भाडेकरू गावी गेलेला. संध्याकाळी वहिनी ग्रिलपाशी आल्या, किल्ली आत टाकली आणि म्हणाल्या, "संडास वर आहे. डबा दोरीने चढवा." चौदा दिवस मी गच्चीवरून डबा वर दिला. ज्या मजल्याने माझी भिंत भिजवली, त्याच मजल्यावर माझा नवरा बरा झाला. ओल अजून आहे. बोलणंही आता पुन्हा आहे.

फ्लॅट का नाही घेतला? बघितला होता. २०१४ मध्ये पाथर्डी फाट्याच्या पुढे एका बिल्डरने "नऊशे स्क्वेअर फूट" सांगितलं. ह्यांनी खिशातून टेप काढली. जन्म कारखान्यात गेलेला माणूस, मोजल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. आतली वापरायची जागा भरली सव्वासहाशेच्याही आत. बाकीची कुठे गेली विचारलं तर जिना, लिफ्ट, भिंतीची जाडी, पॅसेज. आता महारेरा आल्यापासून, म्हणजे २०१७ नंतर, कार्पेट एरिया, म्हणजे ही आतली वापरायची जागा, सांगणं बंधनकारक आहे आणि बाल्कनी त्यात धरत नाहीत, आतल्या भिंती मात्र धरतात. तरी टेप न्याच. आणि रिकाम्या खोलीला भुलू नका. सहा बाय चारची कॉट, कपाटाचं उघडणारं दार आणि त्यांच्यामधून कडेवर मूल घेऊन जाणारी बाई, एवढं खडूने फरशीवर काढून बघा. आम्ही काढलं. विक्रीवाला पोरगा हसत होता.

तो फ्लॅट आम्ही टेपमुळे नाकारला नाही. हप्ता झेपत नव्हता. उगाच तत्त्वाची गोष्ट कशाला सांगू?

लहान घर घेणार असाल तर एक करा. संध्याकाळी साडेसात-आठला, सगळे कामावरून परतल्यावर, त्या गल्लीत किंवा त्या मजल्याच्या पॅसेजमध्ये जाऊन उभ्या राहा. दिवसा बघू नका, दिवसा सगळं मोकळं दिसतं. खुर्चीत बसवलेलं माणूस कोपऱ्यापर्यंत नेता येईल का, एवढं बघा. शेजारच्या बाईशी दोन वाक्यं बोलून या. आतल्या फरशीचा रंग नंतर बदलता येतो.

आता २०२७ चा सिंहस्थ आला. नाशकात घर असलेल्या माणसाला कुंभमेळ्याच्या आधी वर्षभर नातेवाईक आठवायला लागतात, आपल्याला नव्हे, त्यांना आपण. २०१५ मध्ये आमच्याकडे नऊ पाहुणे होते. गच्चीवर झोपवता आले असते, पण पर्वणी येते श्रावण-भाद्रपदात, भर पावसात. तेव्हा चार जण स्वयंपाकघरात झोपले, पाच पुढे, आम्ही दोघं ओट्याच्या ग्रिलमध्ये बसून पहाट केली आणि साडेतीनला सगळ्यांना रामकुंडाच्या रस्त्याला लावलं. या वेळी जळगावच्या मावसजावेचा फोन आत्ताच येऊन गेला. "आम्ही अकरा जण आहोत, फार अडचण नाही ना होणार?"

मी वहिनींना त्यांच्या वरच्या खोलीचं विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "खोली आहे. गाद्या किती आहेत तुमच्याकडे?"

सात आहेत. चार त्या देणार आहेत.