झिरा रात्री बंद ठेवण्याचा ठराव: माझा अनुभव

रात्री पाणवठ्यावर माणूस नको, एवढंच आम्हाला म्हणायचं होतं. ते कागदावर यायला अख्खा हिवाळा गेला.

शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर मी शिक्षक आहे. पाड्याला सामूहिक वनहक्क, म्हणजे भोवतालचं जंगल वापरायचा नि राखायचा कायदेशीर हक्क, मिळालेला आहे. अक्षर बरं म्हणून ग्रामसभेचं इतिवृत्त लिहिणं माझ्या गळ्यात पडलं. होळीनंतर इथले नाले आटतात आणि वरच्या अंगाला कपारीतून झिरपणारा एकच झिरा उरतो. सकाळी काठच्या चिखलात भेकराचे नि रानडुकरांचे खूर उमटलेले असतात, एखादा साळिंदराचा काटा पडलेला असतो. अलीकडे रात्री तिथे शहरातली पोरं मोटारसायकली घेऊन यायला लागली. बॅटरी मारायची, गाणी लावायची, रील काढायची. जनावर तहानलेलंच मागे फिरतं, पाण्यासाठी शेताकडे उतरतं आणि कठडा नसलेल्या विहिरीत पडतं.

माझा भाचा अमेरिकेत, युटा राज्यात असतो. तिकडची गोष्ट त्याच्याकडून कळली. 2022-23 च्या हिवाळ्यात तिथे बेसुमार बर्फ पडला. हिवाळ्यात हरणं मुख्यतः अंगावरच्या चरबीवर निभावतात. माणूस दिसला की पळतात आणि ती शिल्लक जळून जाते. म्हणून फेब्रुवारी 2023 मध्ये राज्याने रानात गळून पडलेली शिंगं गोळा करायला मे उजाडेपर्यंत बंदी घातली. त्यांचा जीवघेणा काळ थंडीचा, आपला चैत्र-वैशाखाचा. आपल्याकडे असं कोण ठरवू शकतं, म्हणून मी कायदा काढून बसलो. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 5 मध्ये चक्क लिहिलंय: सामूहिक वनात कोणी कधी जायचं याचं नियमन करायचा आणि वन्यप्राण्यांना बाधक गोष्टी थांबवायचा निर्णय ग्रामसभा घेऊ शकते.

कचेरीत अर्ज दिला तर पहिला प्रश्न, "बंदी घालणारे तुम्ही कोण?" मग नकाशा मागितला. नकाशा दिला तोवर साहेबांची बदली झाली. शेवटी वनहक्काच्या अधिकारपत्राची नि कलम 5 ची प्रत जोडून सरळ माहितीचं पत्र दिलं आणि शिक्क्यासह पोच घेतली. आपण परवानगी मागत नाही, कळवतोय, हे पत्रात स्वच्छ लिहावं.

खरी अडचण कोरमची. निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. दिवाळीनंतर निम्मा पाडा ऊसतोडीला गेलेला. सभा तहकूब, पुन्हा तहकूब. मग एक म्हातारबाबा म्हणाले, "भोंगऱ्याला घ्या ना." होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला कुठेही गेलेला माणूस घरी येतोच. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सभा लावली, अंगण भरलं.

ग्रामसभेच्या समितीतल्या पोरांचा मसुदा कडक होता: होळी ते पावसाळा, रात्रंदिवस पूर्ण बंदी. वाचून होतो न होतो तोच एक आजी उठल्या. "गुरजी, मंग आमन्या बकऱ्या कोठे पानी पितीन?" त्यांच्यामागोमाग मोहवाल्या बायका. मोह पहाटे गळतो, उजाडायच्या आत टोपली घेऊन निघावं लागतं, आणि वाट झिऱ्यावरूनच जाते. हा नियम झाला असता तर पहिल्याच आठवड्यात बायकांनीच तो मोडला असता, आणि बरोबरच केलं असतं.

मग ज्यांचं अडणार होतं त्यांनीच वेळा ठरवल्या. दिवे लागल्यापासून उजाडेपर्यंत झिरा बंद. बकऱ्या दुपारी, त्याही खालच्या डबक्यावर. मोहाला जायची वाट टेकाडावरून वळवायची. ते काम बायकांनी मागितलं आणि होळीची राख निवायच्या आत करूनही टाकलं. रात्री मोटारसायकल आणली तर 501 रुपये दंड. राखणीला जोडीने पाळ्या. साक्री तालुक्यातलं बारीपाडा पाहून आलेला एक जण म्हणाला, त्यांनीही आधी राखणच बसवली होती. तिथलं जंगल गावाला सोबत घेऊन राखणाऱ्या चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे पाळ्यांवर वाद झाला नाही. एरवी झाला असता.

वाद झाला तो शेवटच्या तारखेवर. लोक म्हणत, नाला वाहता झाला की बंदी उठली. मला कागदावर तारीख हवी, नाहीतर दंड घेताना कोणीही विचारेल. शेवटी "15 जून, किंवा त्याआधी नाला वाहिल्यास त्या दिवशी" असं लिहिलं. मृग कोरडा गेला तर काय, हा प्रश्न तसाच आहे.

ठरावावर अंगठे उठत असतानाच बायकांनी दुसरा विषय काढला: चारोळी. बाहेरचे लोक कच्चीच ओरबाडून नेतात, त्यामुळे गावातलेही घाई करतात. तोडायची तारीख ठरवा म्हणाल्या. पुढच्या सभेच्या नोटिशीत तोच विषय पहिला घातलाय.