शंभर मीटरला खरा, पंचवीसला खोटा

छत्रपती संभाजीनगरात माझं सर्व्हेच्या यंत्रांच्या दुरुस्तीचं दुकान आहे. डंपी लेव्हल, ऑटो लेव्हल, थिओडोलाइट, म्हणजे जमिनीची उंची आणि कोन मोजायच्या दुर्बिणी, ही रोजची कामं. हिवाळ्यात त्यात भर पडते ती जायकवाडीच्या नाथसागरावर पक्षी बघायला जाणाऱ्यांच्या दुर्बिणींची. रायफलचा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, क्वचितच येतो. पण भिंग, नेमाची तार आणि स्क्रू तिथेही असतातच, म्हणून आला तर मी परत पाठवत नाही.

अंबडकडचा एक तरुण आला तो कव्हरमध्ये गुंडाळलेली एअर रायफल घेऊन. सोबत धाकटी बहीण होती, कॉलेजात जाणारी. रायफल 4.5 मिलिमीटरची, नळी मोडून स्प्रिंग दाबायची, साधी. तिच्यावर मात्र 3-9x50 चा, म्हणजे 3 ते 9 पट मोठं दाखवणारा आणि पुढचं भिंग 50 मिलिमीटरचं असलेला, देखणा, जड स्कोप बसवलेला. मोठ्या रायफलीसाठी बनवलेला तो स्कोप कुणा नातेवाइकाने त्याला भेट दिला होता.

“काका, नेम धरतो तिथं छर्रा जातच नाही. आज डावीकडं, उद्या वर. नळी खराब झाली का काय?”

मी आधी विचारलं, “मारतोस कशावर?”

“कागदावर. पऱ्हाट्या उपटलेलं रान हाये, मागं मातीचा उंच बांध हाये. 25 मीटरवर.”

“बागेत पाखरं येतात, त्यांच्यावर नाही ना?”

“नाही काका.”

हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो आणि विचारत राहणार. 1972 च्या वन्यजीव कायद्याने पक्ष्यांच्या शिकारीला बंदी आहे. आणि ज्यांच्या दुर्बिणी मी पक्षी बघण्यासाठी नीट करून देतो, त्यांना मग कोणत्या तोंडाने भेटू?

स्कोप काढून कोलिमेटरसमोर धरला. कोलिमेटर म्हणजे आतली खूण अनंत अंतरावर आहे असं दाखवणारी नळी. लेव्हल आणि थिओडोलाइट आम्ही तिच्यावरच तपासतो. तिथे हा स्कोप पहिल्या नंबरात पास झाला. चित्र स्वच्छ, कडेला रंगाची झालर नाही, नॉब जितके क्लिक फिरवावे तितकीच तार सरकते आणि उलट फिरवले की बरोबर जागेवर येते. तरुणाचा चेहरा पडला. स्कोप चांगला म्हणजे दोष रायफलीचा, असं त्याला वाटलं.

मग मी स्कोप स्टँडवर घट्ट आवळला आणि गल्लीपलीकडच्या भिंतीवर, दहा-बारा मीटरवर, काळा ठिपका असलेला कागद चिकटवला. त्याला म्हटलं, “स्कोपला हात लावू नको. फक्त डोळा डावीउजवीकडे हलव.” त्याने हलवला आणि दचकून मागे सरकला. स्कोप जागचा हलला नव्हता, तरी तार ठिपक्यावरून उतरून कागदावर फिरत होती.

हा पॅरलॅक्स. लेव्हल लावणाऱ्या कुठल्याही माणसाला तो ठाऊक असतो. रीडिंग घेण्याआधी फोकस फिरवून तो घालवायचा, हे त्याला पहिल्या दिवशी शिकवतात. ऑब्जेक्टिव्हने, म्हणजे पुढच्या भिंगाने, पाडलेलं चित्र आणि तार एकाच पातळीत नसतील, तर डोळा हलला की नेम हलतो. या स्कोपची पातळी कारखान्यातच 100 मीटरला कायमची बांधलेली, आणि फोकसची रिंग नाहीच. 50 मिलिमीटरच्या ऑब्जेक्टिव्हला 25 मीटरवर ही चूक जास्तीत जास्त 19 मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते, 10 मीटरवर 22 च्या पुढे. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. गाल दस्त्यावर दर वेळी जरा वेगळा टेकला की एवढ्यानेच छर्रे पांगतात.

पण ‘आज डावीकडं, उद्या वर’ हे एकट्या पॅरलॅक्सचं काम नव्हे. म्हणून स्कोप पुन्हा कोलिमेटरवर लावला आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने पुढच्या बाजूने हलकं ठोकलं. तार जागेवर. मग मागून, आयपीसच्या बाजूने ठोकलं. तार टुणकन उडाली आणि दुसऱ्याच रेघेवर जाऊन बसली. उघडून पाहिलं तर तारेची चौकट धरून ठेवणारी आट्यांची रिंग सैल झाली होती.

हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण स्प्रिंगच्या रायफलीसाठी स्कोप घेताना सगळे इथेच फसतात. दारूच्या काडतुसाची रायफल मागे धक्का देते, आणि तिचे स्कोप तो मागचा धक्का सोसायला बनवलेले असतात. स्प्रिंगच्या रायफलीत घोडा दाबला की जड पिस्टन पुढे झेपावतो, म्हणून रायफल आधी मागे सरकते. पुढे दाबलेल्या हवेवर पिस्टन आदळून थांबतो आणि त्याच क्षणी अख्खी रायफल पुढे ओढली जाते. दोन उलटसुलट हिसके, पापणी लवायच्या आत. मोठ्या रायफलीवर वर्षानुवर्षं टिकणारा महाग स्कोप या पुढच्या हिसक्याने थोड्याच दिवसांत खिळखिळा होऊ शकतो. पीसीपी, म्हणजे टाकीत हवा भरायच्या रायफलीला असा हिसका नसतो, तिच्यावर बहुतेक स्कोप निभावतात.

रायफलीच्या पाठीवरही पुरावा होता. 11 मिलिमीटरच्या खाचेवर ताजा ओरखडा, म्हणजे स्कोप धरून ठेवणारा माउंटसुद्धा मागे घसरत होता. शिवाय मोडायच्या नळीचं तोंड किंचित खाली झुकलेलं असतं, म्हणून त्याने वरचा नॉब पार शेवटापर्यंत फिरवून ठेवला होता. तिथे स्कोपच्या आतल्या नळीला रेटणारी स्प्रिंग ढिली पडते आणि ती नळी प्रत्येक छर्रा सुटताना थरथरते.

“मग काका, घ्यावा कोणता? मी 6-24 चा बघू राहिलो.”

“24 पट कशाला? 25 मीटरवर तुला स्वतःची नाडीच दिसत राहील.” मी कागदावर गणित करून दाखवलं. ऑब्जेक्टिव्हला पटीने भागलं की डोळ्यात येणाऱ्या उजेडाचा घेर मिळतो. 50 भागिले 24 म्हणजे दोन मिलिमीटर. डोळा जरा चुकला की सगळं काळं. 40 भागिले 9 म्हणजे साडेचारच्या आसपास, संध्याकाळीही पुरतं. एक क्लिक पाव मिनिटाचा (हा कोनाचा मिनिट, अंशाचा साठावा भाग) असला तर 25 मीटरवर छर्रा पावणेदोन मिलिमीटर सरकतो; त्याहून बारीक क्लिकसाठी जादा पैसे देण्यात अर्थ नाही. पैसे घालायचे ते दोन गोष्टींत. एक, 10 मीटरपर्यंत जवळ येणारी फोकसची रिंग, पुढच्या भिंगावर असो की बाजूच्या चाकावर. दोन, स्प्रिंगच्या एअर रायफलीला चालतो असं बनवणाऱ्याने स्वतः लेखी दिलेलं. माउंट एकसंध घ्यायचा, खाली अडवणारी पिन असलेला, आणि झुकलेल्या नळीसाठी मागून किंचित उंच. वजन जितकं कमी तितकं बरं, कारण जड स्कोप हिसक्यात जास्त घसरतो.

नुसत्या सांगण्याने त्याचं समाधान झालं नसतं, आणि मलाही रायफल निर्दोष आहे याची खात्री हवी होती. माझ्याकडे 4-12x40 चा फोकसवाला एक जुना स्कोप आहे. तो बसवून दुपारी त्याच्या शेतावर गेलो. आधी त्याचे जुने कागद पाहिले: तळहाताएवढ्या जागेत भोकं. वाळूच्या पिशवीवर हात ठेवून, रायफल घट्ट न आवळता तळव्यावर सैल ठेवायला लावली, कारण स्प्रिंगच्या रायफलीला दर वेळी सारखीच उसळू द्यावी लागते. छर्रे पाच रुपयांच्या नाण्याखाली झाकतील इतके जवळ आले. नळीला काहीही झालेलं नव्हतं.

बहीण इतका वेळ गप्प होती. तिने विचारलं, “काका, मला स्पर्धेत उतरायचंय. तिथं असला स्कोप चालन का?”

आज सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तिने विचारला, असं मी तिच्या भावाला सांगितलं. ऑलिंपिकच्या 10 मीटर एअर रायफलला दुर्बीण चालत नाही. तिथे पीप साइट, डोळ्याजवळच्या बारीक छिद्रातून पुढच्या रिंगमध्ये काळा गोल धरायचा. दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. 2008 ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने याच प्रकारात सुवर्ण घेतलं. 2024 ला पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्निल कुसाळेने 50 मीटरला कांस्य घेतलं, तेही दुर्बिणीशिवाय. तिला स्कोपची सवय लावू नको, पीप साइटची रायफल असलेल्या रेंजवर घेऊन जा, आणि त्या 6-24 साठी ठेवलेल्या पैशातून तिची फी भर, असं मी त्याला स्पष्ट बजावलं.

त्याने पुढे 3-9x40 चा, फोकसवाला मागवला आणि रायफलीवर चढवण्याआधी माझ्याकडे आणला. कोलिमेटरवर वर, उजवीकडे, खाली, डावीकडे सारखेच क्लिक फिरवून चौकोन काढला; तार मूळ जागी आली नाही. तो परत पाठवायला लावला. बदलून आलेल्याने चौकोन पुरा केला, मागून ठोकल्यावर तार हलली नाही, 10 मीटरवर फोकस लावून डोळा हलवला तरी ठिपका सुटला नाही. तो मी स्वतः त्याच्या रायफलीवर आवळून दिला.