आईचं शब्दकोडं आणि माझं एलिक्सर

नवीन प्रोग्रॅमिंग लँग्वेज शिकायची म्हटलं की सगळे सरावाला टू-डू लिस्टचं ॲप बनवायला सांगतात आणि मला त्या टू-डू लिस्टचा भयंकर कंटाळा आहे. ऑफिसात वर्षानुवर्षं पीएचपी लिहितोय, घर त्यावरच चालतं, तक्रार काही नाही. पण आता एलिक्सर शिकायला घेतलंय आणि सोबत जरा मोठाच घाट घातलाय. मराठी शब्दकोडं, जे दोन-चार जण आपापल्या गावातून एकाच वेळी एकाच चौकटीत सोडवतील. आई साताऱ्यात, ताई बेंगळुरूला, मी पुण्यात, आणि सध्या हा सगळा कारभार फोनवर चालतो, "उभे शब्द सात, तीन अक्षरी, मधलं रा" वगैरे, आणि पेपर एकीच्याच हातात असल्यामुळे बाकीचे दोघं नुसते अंदाज मारत बसतात.

आता यासाठी एलिक्सरच का? पीएचपीत साधारणपणे रिक्वेस्ट आली, उत्तर दिलं, विषय संपला, मागे काही जिवंत राहत नाही. तिघांनी एकच कोडं लाइव्ह सोडवायचं तर वेगळा वेबसॉकेट सर्व्हर (ब्राउझरशी कनेक्शन सतत उघडं ठेवणारा), त्याच्या जोडीला रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा डेटाबेस), म्हणजे चार गोष्टी सांभाळत बसा. एलिक्सर चालतं अरलँग नावाच्या जुन्या लँग्वेजच्या बीम व्हीएमवर (प्रोग्रॅम चालवणारं इंजिन), आणि अरलँग 1980च्या दशकात एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी बनवलेली, म्हणजे एकाच वेळी ढीगभर कॉल चालू आहेत आणि एक पडला तरी बाकीचे पडता कामा नयेत हा मूळ प्रश्न. व्हॉट्सॲपवाल्यांनी याच अरलँगवर 2012 मध्ये एका सर्व्हरवर वीस लाखांच्या वर कनेक्शन्स धरून दाखवली होती. मला तीन धरायचीयत, असो.

तर प्लॅन असा की प्रत्येक चालू कोड्याची एक प्रोसेस, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारं एक काम. ही ऑपरेटिंग सिस्टिमची प्रोसेस नव्हे, बीमची, एकदम हलकी, सुरुवातीला दोन-तीन केबी मेमरी घेणारी. प्रत्येकीची स्वतःची मेमरी, स्वतःची मेलबॉक्स, आणि ती एका वेळी एकच मेसेज हाताळते. आई आणि ताईने कोड्याच्या एकाच घरात एकाच क्षणी वेगवेगळं अक्षर टाकलं तर? दोन मेसेज रांगेत लागतात, आधीचा आधी, नंतरचा नंतर, लॉकबिक काही नाही. प्रोसेस मेली तर तिच्यावर नजर ठेवणारा सुपरवायझर नवीन उभी करतो, पण तिच्या पोटातली माहिती जाते, म्हणून प्रत्येक चाल पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये एक ओळ म्हणून लिहायची आणि उठल्यावर तिथून वाचून घ्यायची. हे कागदावर मांडलं आणि फिनिक्सचं (एलिक्सरचं वेब फ्रेमवर्क) नवीन प्रोजेक्ट बनवायची कमांड टाइप करता करता थांबलो.

कारण खरी अडचण वेबची नाहीच, अक्षरांची आहे. आपल्या कोड्यात एका घरात एक पूर्ण अक्षर असतं, काना-मात्रा-जोडाक्षरासकट. 'महाराष्ट्र' म्हणजे चार घरं: म, हा, रा, ष्ट्र. पीएचपीत स्ट्रलेन या लांबी मोजणाऱ्या फंक्शनला विचारलं तर 30 सांगतं (यूटीएफ-8 पद्धतीने साठवल्यावरचे बाइट्स), एमबी-स्ट्रलेन 10 सांगतं (कोडपॉइंट्स, म्हणजे मात्रा, हलंत सगळं सुटं सुटं मोजून), आणि आईला हवे असतात चार. एलिक्सरचं स्ट्रिंग लेंग्थ ग्राफीम (डोळ्याला एक दिसणारं अक्षर) मोजतं, म्हणजे बरंच जवळ जातं, पण युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांची अक्षरं कॉम्प्युटरात मांडायचं स्टँडर्ड) जुन्या नियमात हलंतानंतर तुकडा पडायचा, म्हणजे ष्, ट्, र वेगळे, एकूण सहा. देवनागरी जोडाक्षर एकत्र ठेवायचा नियम 2023 मध्ये 15.1 व्हर्जनला आला. कुठल्या लायब्ररीत कुठलं व्हर्जन आहे हे तपासत बसण्यापेक्षा तोडायचं फंक्शन स्वतःच लिहायचं ठरवलं.

आणि इथे गंमत आली, कारण हे फंक्शन म्हणजे पॅटर्न मॅचिंग (साचा जुळवून बघणं) आणि रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं), बास. बायनरीतून पहिला कोडपॉइंट काढ, हलंत असेल तर पुढचं व्यंजन याच अक्षरात घे, मात्रा किंवा अनुस्वार असेल तर चिकटव, उरलेलं परत स्वतःलाच दे. फॉर लूप नाही, व्हेरिएबल जागच्या जागी बदलणं नाही. पीएचपीची सवय मोडायला याहून चांगला व्यायाम नाही आणि ब्राउझर उघडायचीसुद्धा गरज नाही.

मग टायपिंगमधले चावटपणे. 'दुसऱ्या'मधला ऱ्य दोन पद्धतीने लिहिला जातो, एक ऱ वापरून आणि एक साध्या र नंतर हलंत आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारी खूण) टाकून. दिसायला सारखे, आत वेगळे, आणि युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) यांना एक करत नाही. ॲ आणि अॅचं तेच. म्हणजे आईचं बरोबर उत्तर चूक ठरणार आणि मला फोन येणार. यासाठी आपलंच एक बदलायचं टेबल.

इंग्रजी कोड्यात एक की दाबली की कर्सर पुढच्या घरात. आपल्याकडे 'क' आल्यावर तो क राहणार, की का होणार, की क्ष, कळणार कसं? म्हणून घराघरात टाइप करायचंच नाही, खाली एकच बॉक्स, पूर्ण शब्द लिहा, सर्व्हर तोडून घरांत मांडेल. फिनिक्सच्या लाइव्हव्ह्यूला (पान सर्व्हरवरूनच ताजं ठेवणारा भाग) हे झेपतं, जावास्क्रिप्ट जवळजवळ लिहावं लागत नाही.

पहिल्या व्हर्जनमधून लॉगिन काढलं, लिंक असेल तो खेळेल. लीडरबोर्ड, सेटिंग्ज, दोन सर्व्हरचं क्लस्टर सगळं काढलं. आपोआप कोडं बनवणारा प्रोग्रॅम काढताना मात्र जिवावर आलं, पण मात्रेसकट अक्षर जुळवायचं म्हणजे आडवे-उभे शब्द सापडणं महाकठीण, तो वेगळाच प्रोजेक्ट आहे. पेपरातली कोडी उचलता येत नाहीत, म्हणून कोडी आई बनवणार, आलेखाच्या वहीत.

ती आत्ताच कामाला लागलीय आणि तिची एकच अट आहे, चुकलं तर लगेच लाल करायचं नाही, विचारलं तरच सांगायचं. ताई म्हणते लगेच कळलंच पाहिजे, नाहीतर मजा काय. म्हणजे सेटिंग्जचं पेज आलं परत.