बँकेत न गेलेला ऑफस्पिनर

ठाण्यातल्या आमच्या शाळेत गणित शिकवणारे सर एकेकाळी मुंबई विद्यापीठाकडून रोहिंटन बारिया करंडकात ऑफस्पिन टाकत असत, हे आम्हा विद्यार्थ्यांना दहावी होऊन गेल्यावर कळले. १९३५-३६ साली सुरू झालेल्या या आंतरविद्यापीठ स्पर्धेचा तेव्हाचा मान आजच्या मुलांना सांगूनही पटणार नाही. अजित वाडेकर आणि सुनील गावसकर हे दोघेही कसोटीपूर्वी याच विद्यापीठाचे फलंदाज होते.

सत्तरच्या दशकात विद्यापीठ गाजवलेल्या खेळाडूपुढे एक मळलेली वाट असे. टाइम्स शील्ड या कार्यालयीन संघांच्या स्पर्धेसाठी बँका आणि कंपन्या आपापले संघ बांधत, त्यामुळे चांगल्या खेळाडूला नोकरी मिळे आणि सरावाची सवलतही. वाडेकर स्टेट बँकेत होते, गावसकर निरलॉनमध्ये. सरांनाही एका बँकेतून बोलावणे आले होते, पण त्यांनी बी.एड.ला प्रवेश घेतला. रणजीपर्यंत जाण्याइतका आपला चेंडू वळत नाही आणि शिकवायला मनापासून आवडते, एवढीच कारणे त्यांनी मला पुढे सांगितली. नातेवाईक आजही ‘संधी घालवली’ म्हणतात, ते मला मुळीच मान्य नाही. पावसाळ्यातल्या रविवारी ते कांगा लीग ही मुंबईतल्या क्लबांची स्पर्धा खेळतच राहिले, आणि तिथली न झाकलेली, ओली खेळपट्टी म्हणजे फिरकी गोलंदाजाला पर्वणीच.

सरासरीचा धडा आला की ते क्लबचे जुने स्कोअरबुक वर्गात आणत. एका फलंदाजाचे तीन डाव त्यांनी फळ्यावर लिहिले: ३०, नाबाद ४० आणि २०. आम्ही ९० ला तीनने भागून ३० हे उत्तर दिले, तेव्हा त्यांनी दोनने भागून ४५ लिहिले, कारण क्रिकेटमध्ये धावांना डावांच्या नव्हे तर बाद झालेल्या वेळांच्या संख्येने भागतात. ज्याने एकदाही ४० च्या वर मजल मारली नाही त्याची सरासरी ४५ कशी, यावर वर्गात जुंपली; सरांनी तास संपेपर्यंत निकाल दिला नाही, आणि गणितात कधी तोंड न उघडणारी मुले त्या दिवशी हिरिरीने बोलत होती. पुढच्या तासाला त्यांनी गोलंदाजीची सरासरी, म्हणजे एका बळीमागे दिलेल्या धावा, घेतली, जिथे आकडा लहान असेल तितका चांगला.

शाळेच्या संघात ज्याची निवड होत नसे त्याच्या हाती सर स्कोअरबुक देत आणि सामना संपल्यावर त्याच्याशेजारी बसून प्रत्येक षटकाची बेरीज ताडून पाहत.